उलट वाटेची फीबी

शनीच्या मोठ्या चंद्रांची चाल एका दिशेची आहे. मिमास, एन्सेलाडस, टेथिस, डायोनी, रिया, टायटन अशी आतून बाहेर नावं घेत गेलं, तर प्रत्येकजण शनी स्वतःभोवती ज्या दिशेनं गिरकी घेतो त्याच दिशेनं, जवळपास कड्यांच्याच पातळीत, जवळपास गोल वाटेनं फिरताना सापडतो. शनीभोवती फिरणाऱ्या द्रव्यातूनच ते घडले, त्यामुळे ती चाल त्यांच्या अंगी जन्मापासूनची. टायटन १२ लाख किलोमीटरवर आहे. त्याच्या पुढचा आयापेटस ३५ लाखांवर. त्यानंतर मात्र लांबच लांब मोकळीक, आणि मग सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर फीबी.

ती उलटी फिरते. कक्षा लांबट, कड्यांच्या पातळीशी फटकून कललेली. एका फेरीला साधारण ५५० दिवस लागतात, म्हणजे दीड वर्ष. त्या अवधीत टायटनच्या चौतीस फेऱ्या होतात.

पंचांगात दरवर्षी चार-साडेचार महिने शनी वक्री असतो. ते वक्रीपण आपल्या जागेमुळे दिसणारं आहे. पृथ्वी आतल्या कक्षेतून झपाट्यानं पुढे निघते तेव्हा संथ शनी ताऱ्यांमधून मागे सरकल्यासारखा भासतो. फीबीचं वक्रीपण तिच्या अंगचं आहे. कुठूनही पाहा, ती उलटीच जाते. अशा चालीचा अर्थ खगोलशास्त्रज्ञ एकच लावतात: ही इथली नव्हे. सूर्यापासून फार दूर, नेपच्यूनच्याही पलीकडे किंवा त्या आसपासच्या गारठ्यात ती घडली, भटकत आत आली आणि शनीच्या हाती लागली.

हाती लागली असं म्हणणं सोपं, घडणं भलतं अवघड. बाहेरून येणारा दगड शनीच्या ओढीनं वेग घेत घेत जवळ येतो, वळसा घालतो आणि मिळालेल्या त्याच वेगावर पुन्हा बाहेर निघून जातो. तो राहायचा असेल तर त्याचा थोडा वेग कुणीतरी काढून घ्यावा लागतो. कोवळ्या शनीभोवती तेव्हा पसरलेल्या वायूनं तिला अडवलं असेल. ती जोडीनं आली असेल, आणि जोडीदार तिच्या वाटची ऊर्जा घेऊन निघून गेला असेल. किंवा महाग्रहांनी आपापल्या जागा बदलल्या त्या धामधुमीच्या काळात एखादा ग्रह शनीच्या जवळून गेला असेल आणि त्या ओढाताणीत ती इकडे राहिली असेल. मला यातली दुसरी शक्यता सोडवत नाही. दोघं मिळून आलेली, एक इथे राहिलेली, दुसरा अजून कुठेतरी चालतोय. पण मन गुंततं म्हणून ती खरी ठरत नाही, हेही मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र गणितानं पक्की सांगता येते. शनीपासून इतक्या लांब सूर्यही आपली ओढ लावत असतो, आणि ती ओढ सुलट फिरणाऱ्या चंद्राला लवकर डळमळीत करते. उलट फिरणारा ती जास्त सोसतो. सुलट चंद्र जिथून निसटून जाईल, त्याच्याही बाहेर उलटा टिकू शकतो. बाहेरच्या अंगाला उलट्या चंद्रांची गर्दी दिसते तिचं हे एक कारण. त्या प्रदेशात उलट चालणाऱ्याला जागाच जास्त आहे.

फीबी सापडली ती काचेवर.

पेरू देशात आरेकिपा नावाचं गाव आहे, एल मिस्ती ज्वालामुखीच्या पायथ्याशी. हार्वर्डच्या वेधशाळेनं तिथल्या स्वच्छ हवेसाठी आपलं एक ठाणं तिथे मांडलं होतं. न्यूयॉर्कच्या कॅथरिन वुल्फ ब्रूस या बाईंनी दिलेल्या ५० हजार डॉलरच्या देणगीतून बनलेली २४ इंची दुर्बीण तिथे पोहोचली होती, खास आकाशाची छायाचित्रं घेण्यासाठी बांधलेली. ऑगस्ट १८९८ मध्ये डीलाइल स्टुअर्ट यांनी तिच्यातून शनीच्या भागाच्या प्लेटा घेतल्या. अशी छायाचित्रं तेव्हा फिल्मवर घेत नसत. चांगल्या दीड फूट लांबीच्या काचा असत, त्यांच्यावर रसायनाचा लेप, आणि एकेका काचेला तासन् तास आकाशाचा उजेड दाखवायचा. तेवढा वेळ पृथ्वी फिरत असते, म्हणून दुर्बीणही ताऱ्यांच्या मागे मागे तितक्याच सावकाशीनं फिरवत ठेवायची. मग त्या काचा सांभाळून बांधायच्या आणि समुद्रमार्गे अमेरिकेला धाडायच्या.

अशी प्लेट ही निगेटिव्ह असते, म्हणजे सगळं उलटं. आकाश फिकट राखी, तारे काळे ठिपके. शनी एवढा तेजस्वी की त्याच्या जागी नुसता काळा डाग पसरतो, कडी वगैरे काही ओळखू येत नाही. त्या डागाच्या आजूबाजूला हजारो ठिपके. विल्यम हेन्री पिकरिंग यांनी मार्च १८९९ मध्ये वेगवेगळ्या रात्रींच्या काचा एकावर एक ठेवून त्यांतला ठिपका अन् ठिपका ताडून पाहिला. तारे जागच्या जागी राहतात. त्यांच्यात एक फिकट कण होता, तो दर रात्री थोडा सरकलेला आणि शनीच्या सोबतीनं जाणारा. छायाचित्रातून सापडलेला हा कुठल्याही ग्रहाचा पहिलाच चंद्र. तोवरचे सगळे चंद्र कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांनी थेट पाहिलेले होते.

आरेकिपाच्या या दुर्बिणीबद्दल मला वेगळंच ममत्व आहे. हेन्रिएटा लेव्हिटनं मॅगेलनच्या मेघांमधले रूपविकारी तारे मोजले आणि त्यांच्या उजेडाच्या चढउतारात अंतराची मोजपट्टी शोधली, ती याच दुर्बिणीच्या काचांवरून. एकाच दुर्बिणीनं शनीच्या परसातला हा कण दाखवला आणि दूरच्या दीर्घिकांपर्यंत जायची वाटही.

पिकरिंगच्या शोधावर सुरुवातीला सगळ्यांचा विश्वास बसला नाही. कक्षेचा हिशोब जुळेना, कारण चंद्र सुलटच फिरणार असं मनात धरून तो मांडलेला. पाचएक वर्षांनी आणखी प्लेटा हाती आल्यावर उलगडा झाला की ती उलटी चालते आहे. त्याच पिकरिंगनी १९०५ मध्ये शनीचा आणखी एक चंद्र जाहीर केला, त्याला थेमिस असं नावही दिलं. तो पुढे कुणालाच दिसला नाही, मुळात नव्हताच. फीबी मात्र राहिली. ग्रीक पुराणात फीबी ही क्रोनसची, म्हणजे रोमनांच्या सॅटर्नची बहीण, आणि अपोलोची आजी. या परक्या बाईला बहिणीचं नातं देऊन माणसांनी घरात घेतलं, हे मला आवडतं.

पुढची शंभर वर्षं शनीच्या बाहेरच्या अंगणात ती एकटीच माहीत होती. १९८१ मध्ये व्हॉयेजर २ शनीजवळून गेलं, तेव्हा त्यानं तिला २० लाखांहून जास्त किलोमीटरवरून टिपलं. त्या चित्रांत ती म्हणजे मोजक्या चौकटींचा अंधुक गोळा. गोलसर आहे, काळी आहे, नऊएक तासांत स्वतःभोवती फिरते, इतकं कळलं.

मग कॅसिनी यान निघालं. ते शनीच्या कक्षेत शिरणार होतं १ जुलै २००४ रोजी, आणि एकदा शिरलं की फीबीच्या इतकं लांब परत कधी येणार नव्हतं. म्हणून वाट अशी आखली की पोहोचण्याआधी १९ दिवस, ११ जूनला, जाता जाता तिची भेट घडावी. यान २०६८ किलोमीटरवरून गेलं. पुढे तेरा वर्षं त्यानं शनीला प्रदक्षिणा घातल्या, टायटनला शंभरावर वेळा गाठलं, एन्सेलाडसच्या फवाऱ्यांतून गेलं, आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात शिरून संपलं. फीबीच्या वाट्याला ती एकच दुपार आली.

त्या दिवसाची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा काढून बघते. २१३ किलोमीटर व्यासाचं हे जग, म्हणजे पुण्याहून नाशिकला गाडीनं जावं तेवढं आरपार अंतर. त्यावर जेसन नावाचं विवर सुमारे १०० किलोमीटर रुंद, जवळजवळ अर्धी फीबी व्यापणारं. (तिच्यावरच्या विवरांना जेसनच्या आर्गो जहाजावरच्या सोबत्यांची नावं आहेत. घर सोडून अनोळखी समुद्रात गेलेल्यांची नावं, तिला शोभणारी.) विवरांत विवरं, त्यांच्या काठांवर आणखी विवरं. कुठेही सपाट म्हणावी अशी जागा नाही. मला खिळवून ठेवतात त्या विवरांच्या उतरणी. फीबी अतिशय काळी आहे, पडलेल्या उजेडातला जेमतेम ८ टक्के परत करते. पण विवराच्या कडेवरून जिथे माती घसरली आहे तिथे पांढऱ्या लखलखीत रेघा उतरल्या आहेत. वरचा काळा थर निघाला आणि खालचं बर्फ उघडं पडलं. एका उतरणीवर तर थर मोजता येतात: काळा, मग उजळ, परत काळा. घसरलेल्या दगडगोट्यांचे ढीग तळाशी जमले आहेत. तिथे वारा नाही, पाऊस नाही, तरी माती घसरते, कारण बाहेरून दगड आदळत राहतात आणि जमीन हादरते.

कॅसिनीच्या उपकरणांना तिच्या पृष्ठावर पाण्याचं बर्फ सापडलं, गोठलेला कार्बन डायऑक्साइड सापडला, कार्बनी द्रव्यं सापडली. घनता निघाली पाण्याच्या १.६४ पट. शनीच्या आतल्या बर्फाळ चंद्रांची सरासरी यापेक्षा कमी भरते. प्लूटो, ट्रायटन यांच्या पंगतीला बसवावी अशी ही घनता आहे, आणि ती बाहेरून आली या म्हणण्याला तिनं मोठं बळ दिलं.

आता फीबी आपल्याला दिसते कशी, ते सांगते. गच्चीवरच्या दुर्बिणीतून ती दिसत नाही. माझी दुर्बीण आठ इंची आहे. तिच्यातून टायटन सहज दिसतो, हवा स्वच्छ असली तर रिया, टेथिस, डायोनीही. आयापेटसचं निराळंच आहे. तो शनीच्या पश्चिमेला असतो तेव्हा दहाव्या प्रतीचा ठिपका म्हणून लगेच सापडतो. त्याची फेरी ७९ दिवसांची, म्हणजे चाळीसेक दिवसांनी तो पूर्वेला जातो, आणि तिथे बाराव्या प्रतीच्या जवळ उतरतो. उजेड पाचेक पटींनी कमी. मी वहीत मधोमध शनीचा गोल काढते, भोवती ठिपके मांडते, आणि पूर्वेच्या रात्री आयापेटसच्या जागी पेन्सिल टेकवण्याआधी बराच वेळ डोळा लावून बसावं लागतं.

जियोव्हानी कॅसिनीनं हेच १६७१ मध्ये पॅरिसहून पाहिलं होतं. चंद्र पश्चिमेला सापडला, पूर्वेला सापडेना. त्यावरून त्यानं ताडलं की या चंद्राची एक बाजू उजळ आणि एक काळी आहे, आणि आपल्या चंद्रासारखंच तोही ग्रहाला कायम एकच बाजू दाखवतो. अधिक चांगली दुर्बीण हाती आल्यावर १७०५ मध्ये त्याला तो पूर्वेलाही दिसला. चौतीस वर्षं हा माणूस त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. पुढे त्याची दृष्टी गेली.

एकदा शेजारच्या आजी वाळवण उचलायला आमच्या गच्चीवर आल्या. "अगं, शनीकडे एवढं टक लावून बघू नये," म्हणाल्या. त्यांच्या लेकाला साडेसाती चालू होती, दर शनिवारी त्या मारुतीला तेल घालत. मी त्यांना आयापेटस दाखवला, त्याची एक बाजू काळी आहे असं सांगितलं. "कशानं काळी?" मी म्हटलं, दुसऱ्या एका चंद्राची धूळ बसून. "तो दाखव मग." तो दिसत नाही, म्हटलं. आजींनी विचारलं, "दिसत नाही तर ती धूळ त्याचीच कशावरून?"

शास्त्रज्ञ तीसेक वर्षं याच प्रश्नाशी झुंजत होते. स्टीव्हन सोटर यांनी १९७४ मध्ये कल्पना मांडली की फीबीवर दगड आदळत असणार, तिची धूळ उडत असणार, आणि सूर्यप्रकाशाच्या परिणामानं वेग गमावत ती धूळ हळूहळू शनीकडे आत सरकत असणार. फीबी उलटी फिरते, म्हणून तिची धूळही उलटीच. सुलट जाणारा आयापेटस पुढच्या तोंडानं त्या धुळीत शिरतो, आणि त्याची नेमकी पुढची बाजू काळवंडते. कल्पना देखणी होती. पण फीबीचा काळा राखाडीकडे झुकणारा आणि आयापेटसचा तांबूस, म्हणून अनेकांना ती पटेना. आणि धूळ तर कुणी पाहिलेलीच नव्हती.

ती दिसली २००९ मध्ये. अॅन व्हर्बिशर, मायकल स्क्रुट्स्की आणि डग्लस हॅमिल्टन यांनी स्पिट्झर दुर्बिणीतून शनीच्या भोवतालचा मोकळा अंधार तपासला. दुर्बिणीला गार ठेवणारा द्रव तेव्हा संपत आला होता, थोडेच महिने हातात होते. स्पिट्झर उष्णता पाहत असे, आणि त्या थंड धुळीची इवलीशी ऊब तिला जाणवली. फीबीच्या कक्षेवर पसरलेलं एक प्रचंड कडं तिथे होतं. आपल्याला माहीत असलेल्या शनीच्या कड्यांहून ते इतकं मोठं आहे की डोळ्यांना दिसलं असतं, तर इथून शनीभोवती दोन पूर्ण चंद्रांएवढं रुंद भरलं असतं. आणि ते इतकं विरळ आहे की त्याच्या ऐन मध्यात उभं राहूनही आपण कड्यात आहोत हे कळणार नाही. ते शनीच्या नेहमीच्या कड्यांच्या पातळीत नाही, सत्तावीसेक अंशांनी कललेलं आहे, फीबीच्या कक्षेसारखं. आजींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर हे: धुळीचा कल तिच्या वाटेचा आहे.

फीबीची ओढ अगदी क्षीण आहे. सेकंदाला शंभरेक मीटर वेग मिळाला की कण तिच्यापासून कायमचा सुटतो. आघातात उडालेल्या मातीला तेवढा वेग सहज मिळतो, म्हणून तिचं काही ना काही सतत हातून जात असतं. त्यातलं बरंचसं आयापेटसच्या तोंडावर येऊन बसतं. त्यापुढचं काम सूर्य करतो. काळी झालेली जागा जास्त तापते, तिथलं बर्फ वाफ होऊन उडतं आणि पलीकडच्या गार, उजळ भागावर जाऊन गोठतं. बर्फ गेलं की आयापेटसच्या पोटातला काळा गाळ उघडा पडतो, जागा आणखी काळी होते, आणखी तापते. तांबूस रंगाचं कोडंही यात बरंच सुटतं: धूळ ठिणगीपुरती फीबीची, आणि इतर बाहेरच्या चंद्रांचीही थोडी, पण पुढचा काळेपणा आयापेटसचा स्वतःचा. १४७० किलोमीटर व्यासाच्या एका जगाचा चेहरा असा निम्मा बदलून गेला आहे. ज्या फीबीला मी कधी पाहू शकणार नाही, तिचं काम मला गच्चीवरून दिसतं.

फीबीवरून शनी कसा दिसत असेल, याचा हिशोब मी एकदा मांडला. आकारानं साधारण आपल्याकडच्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा. ती ९ तास १६ मिनिटांत स्वतःभोवती फिरते आणि शनीकडे तोंड धरून बसत नाही, त्यामुळे तो तिथे उगवतो आणि मावळतो. आतल्या चंद्रांना कड्यांचं सुख नाही. ते कड्यांच्याच पातळीत फिरतात, त्यांना दिसते फक्त एक धारदार रेघ. कललेल्या वाटेवरून जाणाऱ्या फीबीला कडी उघडताना दिसतात, पूर्ण फाकतात, मिटत जातात, रेघ होतात आणि पुन्हा उघडतात. इथून आपल्याला ती मिटलेली दिसतात पंधराएक वर्षांतून एकदा. मार्च २०२५ मध्ये ती तशी झाली होती, आणि पुढे नोव्हेंबरातही माझ्या दुर्बिणीत शनीला जेमतेम एका काडीएवढी कडी होती. फीबीवर हा खेळ दीड वर्षात दोनदा होतो. शनीचं सगळ्यात भरलेलं रूप त्याच्या पोटच्या चंद्रांपेक्षा या बाहेरच्या बाईला दिसतं.

२००० सालापासून शनीचे बाहेरचे चंद्र भराभर सापडू लागले. मार्च २०२५ मध्ये एका झटक्यात १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि एकूण आकडा २७४ वर गेला. बहुतेक सगळे दूरचे, तिरक्या वाटेचे, काही किलोमीटरचे तुकडे. फीबी आता एकटी राहिलेली नाही, पण त्या सगळ्यांत मोठी तीच, आणि जवळून पाहिलेलीही ती एकच.

तिच्याकडे पुन्हा जायला हवं, आणि या वेळी उतरायला हवं. उतरणं फार अवघड जाऊ नये. तिथे एक मीटर उंचीवरून सोडलेल्या दगडाला जमिनीला टेकायला सहा सेकंदांहून जास्त लागतात, यान कापसासारखं खाली येईल. जेसनच्या उतरणीवर, जिथे काळा थर निघून बर्फ उघडं पडलं आहे, तिथे एक सुई खोल घालायची आणि तो गारठलेला गाभा तपासायचा. त्या बर्फात साध्या हायड्रोजनला जड हायड्रोजनचं प्रमाण किती आहे, कुठले वायू अडकून राहिले आहेत, हे पाहिलं की ते पाणी सूर्यापासून किती लांब गोठलं याचा अंदाज बांधता येतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत असा नमुना आणण्यासाठी प्लूटोच्या पलीकडे जायचं म्हटलं तर पिढ्या लागतील. फीबीनं तिथला एक अख्खा तुकडा, २१३ किलोमीटरचा, निम्म्याहून जवळ आणून ठेवला आहे. कॅसिनीला शनीपर्यंत पोहोचायला सात वर्षं लागली होती. तेवढी सात वर्षं कुणीतरी पुन्हा द्यावीत.